ग्रीस लागलेली वही

गॅरेज काढायला काय लागतं असं कुणी विचारलं, की आमचे हे काही न बोलता दोन्ही हात पुढे करतात. हात बघण्यासारखे आहेत यात वाद नाही. नखांतलं काळं आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही दिसतं, हळदीला न जुमानता. पण मी लग्नाआधीपासून पतसंस्थेत कारकून होते, त्यामुळे माझं उत्तर निराळं आहे. गॅरेज काढायला जागेचं डिपॉझिट लागतं, थ्री-फेजचा मीटर लागतो, कॉम्प्रेसर लागतो, शॉप ॲक्टचा कागद लागतो आणि संध्याकाळी "आज गल्ल्यात किती?" असं विचारणारं एक माणूस लागतं. यातल्या शेवटच्या गोष्टीला कुठलीच बँक कर्ज देत नाही, म्हणून ती घरातूनच घेतली गेली.

त्याआधी हे एका मोठ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात टेक्निशियन होते. तिथं गिऱ्हाइकाला एसी, मशीनची कॉफी आणि गाडी बघायला काच होती. ह्यांना गिऱ्हाईक दिसायचंच नाही. गिऱ्हाईक ॲडव्हायझरला सांगणार, ॲडव्हायझर कॉम्प्युटरला सांगणार, आणि ह्यांच्या हातात कागद येणार: "ॲबनॉर्मल नॉइज". कुठून, कधी, खड्ड्यात की वळणावर, काही नाही. वर महिन्याचं टार्गेट. इतके वायपर, इतकी इंजिन फ्लशिंग, इतक्या एसी सफाया खपल्याच पाहिजेत. एकदा साहेबांनी विचारलं, "या गाडीचे ब्रेक पॅड का नाही बदलले?" हे म्हणाले, "अजून निम्मे हायत की." त्या दिवशी दोघांनाही समजलं, की हा माणूस इथं टिकायचा नाही.

कोल्हापुरात अशा माणसाला जायला एक जागा आहे, शिवाजी उद्यमनगर. म्हादबा मिस्त्रींचं नाव अजूनही आदरानं घेणारा हा भाग. इथं फाउंड्री, लेथ, वेल्डिंग आणि चहा या चारही गोष्टी एकमेकींना लागून आहेत. एखादी गाडी बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला तरी तिचा बूश इथं कातून मिळतो, तोही "पुढच्या वेळी जुना आणायला विसरू नका" असं ऐकून घेऊन. ह्यांनी तिथल्याच एका बोळात पत्र्याची शेड बघितली. मी छप्पर बघितलं, भोकं मोजली आणि भाडं उतरवलं.

कर्ज मुद्रा योजनेतून घ्यायचं ठरलं. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत तेव्हा तीन पायऱ्या होत्या: 50 हजारांपर्यंत शिशु, 5 लाखांपर्यंत किशोर आणि 10 लाखांपर्यंत तरुण. कागद दिले, वाट बघितली आणि एके दुपारी बँकेतल्या साहेबांनी घरी फोन केला. तो सासूबाईंनी उचलला. "त्यांना सांगा, शिशु नाही, किशोर होतोय." लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, शेजारी वाटली, आणि मी घरी आल्यावर माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "बँकेतल्यांना कळवलंस, आणि मला न्हाई? नाव पण ठरवलंय म्हणं." खुलासा झाल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कर्जाशी मात्र त्यांनी जुळवून घेतलं. हप्ता भरायची तारीख आली की अजूनही विचारतात, "किशोरचं दिलंस का?"

पाटीवर नाव काय घालायचं हा पुढचा पेच. अंबाबाई, जोतिबा, दत्त, गणपती, सगळे देव आसपासच्या पाट्यांवर आधीच बसलेले. शेवटी सासऱ्यांचं नाव घातलं. पेंटरनं एका बाजूला मारुती व्हॅन काढली आणि दुसऱ्या बाजूला विमान.

"विमान कशाला?" मी विचारलं.

"जागा शिल्लक होती वैनी."

सासऱ्यांच्या नावानं आमचं गॅरेज आजतागायत कुणी ओळखत नाही. शिरोलीपासून कागलपर्यंत पत्ता एकच, विमानाचं गॅरेज. विमान अजून कुणी आणलेलं नाही. सासरे मात्र पाटीखालून जाताना वर बघायचं टाळतात.

लिफ्टला पैसे नव्हते म्हणून आधी खड्डा केला. खड्डा म्हणजे जमिनीत लांबट चर खणून बांधून घ्यायचा, वर गाडी उभी करायची आणि मिस्त्रीनं खाली उतरायचं. उन्हाळ्यात ही गॅरेजमधली सगळ्यात गार जागा. जूनमध्ये तिची विहीर होते. हे गमबूट घालून खाली, वर मी बादली घेऊन, आणि कडेला बेडूक आपल्याच घरात आम्ही शिरल्यासारखे बघत बसलेले. पुढे दोन खांबांची लिफ्ट आली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. पहिली गाडी डोक्यावर चढली तशा त्या चार पावलं मागं सरकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "लाइट गेली तर?" सगळ्यात नाराज झाला बारक्या, आमचा सगळ्यात धाकटा हाताखालचा पोरगा. लिफ्टसाठी खड्डा बुजवला, आणि तो दुपारी तिथं झोपायचा.

आता वहीकडे येते. तारीख, गाडी नंबर, काम, पार्ट, मजुरी, जमा, बाकी असे रकाने मी स्वतः पट्टी धरून आखले होते. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की इतर सगळे रकाने भरतात आणि मजुरीचा मोकळा राहतो.

उदाहरण सांगते. कागलकडचे एक पाहुणे वॅगनआर घेऊन आले. तक्रार अशी, की वळताना गाडी टक् करते, पण रोज नाही, फक्त सासरेबुवा शेजारी बसले तरच. दुसरीकडं कुणीतरी त्यांना अख्खा ड्राइव्ह शाफ्ट बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. ह्यांचा कान या बाबतीत गाण्याच्या क्लासला पाठवावा असा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्‌कट्‌कट् आलं तर शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, वेगाबरोबर वाढत जाणारं हूंऽऽ आलं तर व्हील बेअरिंग, खड्ड्यात एकच टक् आलं तर स्टॅबिलायझरची लिंक, सकाळी चालू करताना चिर्र झालं तर बेल्ट. हे सगळं ह्यांनी तपासलं. मग म्हणाले, "सासऱ्यांना घेऊन या." सासरेबुवा आले, धोतर सावरून बसले, आणि हे त्यांना घेऊन रंकाळ्याला फेऱ्या मारत राहिले. अंधार पडायला आला तेव्हा सीटच्या रुळाखालून चुन्याची डबी निघाली. सासरेबुवा बसले की खिशातून घसरायची, उतरताना आठवणीनं उचलायची.

"किती झालं मिस्त्री?"

"ऱ्हाऊ द्या ओ."

गाडी बोळाबाहेर गेल्यावर मी वही उघडून उभी राहिले. "मजुरीत काय लिहू?"

"मी काय केलंय त्यात? डबी तर काढली."

"पेट्रोल कुणाचं जाळलं?"

यावर त्यांना अचानक जॅकला ग्रीस करायचं आठवलं.

मी वहीच्या शेवटी एक पान वेगळं काढलं आणि वर लिहिलं, "काही नाही". सैल झालेली बॅटरीची टर्मिनल, निघालेला व्हॅक्यूमचा पाइप, पॅडलखाली अडकलेली पायपुसणी, रेडिएटरच्या पंख्यात गेलेली पिशवी, "अजून वीस हजार किलोमीटर चालंल, आत्ता बदलू नका" म्हणून परत पाठवलेली क्लच प्लेट, असं सगळं त्या पानावर जायला लागलं. पतसंस्थेत अशा पानाला आम्ही बुडीत म्हणायचो आणि वर्षअखेरीला संचालकांपुढं मान खाली घालायचो. वर्षअखेरीला मी ते पान आणि बाकीची वही समोरासमोर ठेवून बसले. नव्या गिऱ्हाइकांना "तुम्हाला कुणी पाठवलं?" असं विचारायची माझी सवय होती. निम्म्याहून जास्त नावं त्या बुडीत पानावरची निघाली. कागलच्या पाहुण्यांनी तर अर्धा गाव पाठवला होता. मला हे अजिबात आवडलेलं नाही. ज्या व्यवहारात पैसे आलेच नाहीत तो जमेच्या बाजूला कसा मांडायचा हे मला कुठल्याच सहकार प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ह्यांना मी हे गणित अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर मजुरीचा रकानाच पुसून टाकतील.

पार्टचा विषय निराळा. सुरुवातीला एका कंपनीच्या पार्ट काउंटरवर ह्यांना उत्तर मिळायचं, "सुटा देत नाही, गाडी इकडं घेऊन या." गाडीचं इंजिन आमच्या फळीवर सुटं पडलेलं, ती इकडं कशी न्यायची? ही काही आमच्या एकट्याची रड नव्हती. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणानं मिळत नाहीत या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं 2014 च्या ऑगस्टमध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. पुढं अपिलं झाली, कोर्टबाजी झाली. हे सगळं मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यातलं आपल्याला किती यायचं?"

आता पार्ट बऱ्यापैकी मिळतात. गिऱ्हाईक विचारतं, ओरिजिनल घालताय का? हो म्हटलं की किंमत विचारतं. किंमत सांगितली की विचारतं, "दुसरं काय हाय?" 2025 च्या सप्टेंबरात सुट्या भागांवरचा 28 टक्के जीएसटी 18 वर आला, तेव्हा मला सर्वात जास्त फोन आले ते जुन्या बिलांवरचे दहा टक्के परत मागायला. त्यातल्या काहींनी ती बिलं अजून भरलेली नव्हती.

कारण आमच्याकडची उधारी तारखेवर चालत नाही, पिकावर चालते. दूधबिल दर दहा दिवसांनी, त्यामुळे लहानसहान रकमा दूधबिलावर. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, सगळं म्हशीच्या भरवशावर. क्लच, सस्पेन्शन असली मधली कामं दिवाळीच्या दूध फरकावर. इंजिन काम मात्र सरळ ऊसबिलावर. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असा 1966 चा सरकारी आदेश आहे. तो कारखान्यांना जितका पाठ आहे तितकाच आमच्या गिऱ्हाइकांना. मी त्यामुळे पेपरातली आंदोलनाची बातमी आधी वाचते. दराचा तिढा सुटला नाही, तोडी थांबल्या, की ओळखावं, आमची तीन इंजिनं अडकली. पतसंस्थेतल्या माझ्या मैत्रिणी शेअर बाजार बघतात, मी म्हशीचं फॅट बघते.

धंदा वाढला तो 2019 च्या ऑगस्टात, आणि हे सांगताना अजूनही जड जातं, कारण त्यावेळी शहराचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका सांगतात. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. हायवे बंद, पेट्रोल नाही, पुण्याहून माल नाही. आमच्या बोळात पाणी आलं नाही, पण फोन यायला लागले. गाडी स्टेअरिंगपर्यंत बुडाली होती, आता पाणी उतरलंय, काय करू? ह्यांनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "गाडी बुडली असंल तर चावी लावू नका. बॅटरीची वायर काढा. ढकलत आणा न्हाईतर ओढून आणा, पर चावी लावू नका." बोलायचा कंटाळा असलेल्या माणसाचा तो आयुष्यातला सगळ्यात लांब संदेश. तो कुठून कुठं फिरला देव जाणे, माझ्या माहेरी गडहिंग्लजला मला माझ्याच नवऱ्याचा आवाज दोन निरनिराळ्या लोकांनी ऐकवला.

कारण साधं आहे. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तोवर फक्त सफाईवर भागणारं काम इंजिन उघडण्यावर जातं. त्यात विम्यात इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर कंपनी बहुतेक वेळा हात वर करते.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाड्यांची रांग लागली. माझं काम वही घेऊन प्रत्येकाला विचारायचं: चावी लावली होती का?

"न्हाई वैनी."

"अजिबात?"

"एकदाच लावली."

"एकदाच म्हणजे किती वेळा?"

"चालू होत न्हवती तवर."

हे प्लग काढायचे, डिपस्टिक ओढून ऑइलचा रंग बघायचे. दुधाळ झालं असलं की मान हलवायचे. मग ऑइल उपसायचं, हातानं इंजिन फिरवून आतलं पाणी बाहेर काढायचं, पुन्हा नवं ऑइल, पुन्हा उपसायचं. सीटा उन्हात, वायरिंगचे सॉकेट एक एक सोडवून हवेनं सुकवायचे. ज्यांनी चावी लावली नव्हती त्यांच्या गाड्या चार पैशांत घरी गेल्या. घरात चिखल भरलेल्या माणसाला मजुरी सांगायला ह्यांची जीभ उचलायची नाही. त्या महिन्यात माझं "काही नाही"चं पान संपलं, मागचा पुठ्ठा भरला. पण दिवाळीनंतर शेजारची शेडही भाड्यानं घ्यावी लागली, आणि तिच्या छपराची भोकं मी पुन्हा मोजली.

1 एप्रिल 2020 पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-6 झाल्या आणि ह्यांना कान सोडून स्कॅनर घ्यावा लागला. तेवढ्या पैशांत एक चांगली स्कूटर आली असती. स्कॅनर गाडीला जोडायचा, तो कोड दाखवतो, कोड म्हणतो अमुक सेन्सर खराब. हे सेन्सर बदलत नाहीत. आधी बॉनेटमध्ये बॅटरी मारून वायर बघतात. दहातल्या बऱ्याच वेळा सेन्सर ठणठणीत असतो आणि वायर उंदरानं खाल्लेली असते. चार रुपयांची वायर, स्लीव्ह, टेप, काम संपलं. मजुरी? मला विचारू नका. उंदरांवर उपाय म्हणून निपाणीचे एक गिऱ्हाईक बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. उंदीर काही कमी झालेले नाहीत, पण निपाणीकडची गाडी आली की तिचं बॉनेट कोण उघडणार यावरून पोरांची भांडणं होतात.

पोरांचं तर असं आहे, की शिकली की जातात. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेला पोरगा येतो, त्याला पहिले काही महिने डिझेलमध्ये पार्ट धुवायला बसवतात. मग तो न बघता दहाचा पाना कुठला नि बाराचा कुठला ते बोटानं ओळखायला लागतो. मग एकटा गिअरबॉक्स उतरवतो. आणि मग एके दिवशी पेढे घेऊन येतो. आमच्याकडच्या थोरल्यानं गॅरेज काढलं ते समोरच्याच बोळात. मी दोन दिवस जेवले नाही नीट. ह्यांनी त्याला उद्घाटनाला पान्यांचा आपला जुना सेट देऊन टाकला. मी तो "काही नाही"मध्ये चढवला. खंडेनवमीला मात्र तो ते पाने घेऊन आमच्याकडंच येतो. हत्यारांची पूजा आधी इथं, मग त्याच्याकडं. गिऱ्हाइकं पळवली असली तर ती वर्षभरात. त्या दिवशी फक्त पेढे खातो.

हल्ली जो तो विचारतो, विजेच्या गाड्या आल्या की तुमचं काय? खरं आहे. त्यात इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. मी काळजीनं विचारलं तेव्हा ह्यांनी एका गिऱ्हाइकाची नवी विजेची गाडी लिफ्टवर घेतली, खाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "बूश हाय. बॉल जॉइंट हाय. लिंक हाय." मग बोळाबाहेरच्या रस्त्याकडं एक नजर टाकली आणि समाधानानं चहा सांगितला.

आता एक खाजगी काम. शिरोळ तालुक्यातले पांढऱ्या बोलेरोवाले, हा लेख तुमच्यापर्यंत पोचला असेल तर वाचा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही नवी घातली आहेत, तीही ओरिजिनल. तुमचं ऊसबिल जमा झालंय हे मला माहीत आहे. माझ्या जुन्या पतसंस्थेची शाखा तुमच्याच गावात आहे. गॅरेज रात्री आठपर्यंत उघडं असतं. येताना रोख आणा, आणि शक्यतो हे ट्रायल घ्यायला बाहेर गेले असतील तेव्हा या. समोर असले तर "ऱ्हाऊ द्या ओ" म्हणतील.